मणी नसलेला डबा

सुजाता,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात चार जण बोलले आणि चौघांनीही तुला शांत स्वभावाची म्हटलं. मी मागच्या सतरंजीवर बसले होते. शेजारी तुझी धाकटी बहीण. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे पाहिलं, आणि दोघींनीही पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, आम्ही रडतोय. शांत म्हणे! पंचवीस वर्षांत तू माझ्याशी आवाज न चढवता बोललीस असे दिवस मी एका हाताच्या बोटांवर मोजून दाखवीन, आणि त्यातले दोन तुझा घसा बसला होता तेव्हाचे.

मलाही बोला म्हणाले होते. मी नको म्हटलं. जे सांगायचं होतं ते चार माणसांत सांगण्यासारखं नव्हतं, आणि जिला सांगायचं होतं तिचा समोर फोटो होता. म्हणून आता हे लिहायला बसलेय. लिहायची मला सवय नाही, तुला ठाऊक आहे. डब्यासोबत द्यायचा सूचनांचा कागदसुद्धा तूच लिहायचीस. त्यातलं पहिलं वाक्य, "हे पूर्ण वाचल्याशिवाय डब्याला हात लावू नये." गिऱ्हाइकाला दम देऊन सुरुवात करणारे धंदेवाले नागपुरात आपणच असू.

तुम्ही दोघी नक्की काय करायच्या, असं त्या दिवशी तुझ्या बहिणीच्या सासूनं विचारलं. मला धड सांगता आलं नाही. तुला यायचं. "लाइन गेली का बारक्या बारक्या वस्तूंचा जीव जाते. आम्ही तो जाऊ देत नाही," असं तू म्हणायचीस आणि समोरच्याला कळायचं. इंटरनेटचा राउटर, दुकानातला तोलकाटा, रेडिओ, टेबलावरचा वीतभर पंखा. ज्याला मोठा इन्व्हर्टर नको किंवा झेपत नाही, त्याच्यासाठी दोन तळहातांत मावणारा डबा. आत लिथियमचे चपटे सेल, ते भरणारं सर्किट, आणि लाइन गेली की पापणी लवायच्या आत वस्तूला सेलवर घेणारी सोय. एवढंच. पण एवढंसं ते न जळता चाललं पाहिजे, यातच आपलं सगळं आयुष्य गेलं.

"चालवणं कोणालेही येते," तू म्हणायचीस. "डब्बा कसा बंद पडंल ते आधी ठरव." नवीन सर्किट कागदावर काढायला बसलीस की तू सुरुवात तिथून करायचीस. सेल जास्त भरला तर काय तुटेल, अगदी रिकामा झाला तर काय थांबेल, कुणी उलटी पिन खुपसली तर काय उडेल. फ्यूजला तू भित्रा म्हणायचीस. डब्यात एक तरी भित्रा पाहिजे, तो आधी पळतो म्हणून घर वाचतं. मला मात्र चालणाऱ्या वस्तूचं कौतुक. दिवा लागला की मी खूश. आपलं पटायचं नाही ते त्यामुळेच, आणि एकत्र टिकलो तेही बहुतेक त्यामुळेच.

हिंगण्याकडचा तो इमर्जन्सी दिव्यांचा कारखाना बंद पडला तेव्हा मी घरी बसायची तयारी केली होती. नऊ वर्षं एका बाकावर शेजारी बसून सोल्डर मारलेला, आणखी काय येत होतं मला? तू आलीस, उभ्या उभ्या म्हणालीस, "कायले रडून राहिली वं? हात तुटले का तुहे?" आणि इंदोऱ्यातल्या तुझ्या घराची मागची खोली झाडायला लावलीस. दोन टेबलं, एक कूलर, भिंतीला बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली तुझी मल्टीमीटरची खुंटी. पहिल्या वर्षी जो येई तो दारात उभा राहून विचारी, साहेब कुठायत? तू एकदा म्हणालीस, "साहेब आत चहा करून राहिले, तुमचं काम आमालेच सांगा." माणूस खरंच आत डोकावला. तो गेल्यावर मी इतकी हसले की माझ्या हातून टेबलावरचे सगळे स्क्रू सांडले. मी कुणालाही "यांना नुसती मदत करते" म्हटलेलं तुला खपायचं नाही. मी अर्धी मालकीण आहे हे मला तू शिकवलंस, आणि शिकवताना प्रेमाचा एक शब्द वापरला नाहीस.

नियम तुझाच होता. जिनं सोल्डर मारला तिनं तपासायचं नाही. आपली चूक आपल्या डोळ्याला दिसत नाही, दुसरीच्या लगेच दिसते. माझा बोर्ड तू उलटापालटा करून बघायचीस, तुझा मी. तपासून झालं की झाकण बसवायचं आणि स्क्रूवर नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा, म्हणजे नंतर कुणी उघडलं तर ठिपका तडकतो आणि कळतं. माझा गुलाबी, तुझा मरून. दोघींनी जन्मात नखाला कधी लावलं नाही, पण कोपऱ्यावरच्या दुकानदाराला वाटायचं या बायांना फार हौस.

आणि मग मणी. आपलं सगळ्यात जुनं भांडण. मुगाच्या दाण्याएवढा काळा मणी, दोन बारीक तारांचा. तो सेलला चिकटवायचा. सेल तापला की मण्याला समजतं आणि भरणं थांबतं. तापलेल्या लिथियममध्ये वीज भरत राहिलं की तो आतून नासत जातो, फुगतो, आणि एखाद्या दिवशी पेट घेतो. पंचेचाळीस अंशांच्या वर भरू नये असं पुस्तकात आहे. पुस्तक लिहिणाऱ्यानं नागपूरचा मे महिना पाहिलेला नाही, असं माझं म्हणणं. आपण पाहिलाय म्हणूनच मणी पाहिजे, असं तुझं.

"टिनाच्या खाली दुपारी डब्बा भरतच नाही वं. लोक म्हणते, बिघडला."

"म्हणू दे. बिघडला म्हणते ना? जळाला तर नाही म्हणत?"

"पण लाइन जाते तेच उन्हाळ्यात. तेव्हाच कामाचा नाही, त लोकायनं डब्बा घ्यावा कायले?"

"बंद पडलेला डब्बा माणूस परत आणून देते, लता. जळालेला कोण आणून देईल?"

यावर मी विषय बदलायची आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच सुरू करायची. नवऱ्याचं घर सोडून आलीस तेव्हापासून तुझा गळा मोकळा. त्यावरून कुणी बोललेलं तुला आवडायचं नाही, पण स्वतः बिनधास्त म्हणायचीस, "माह्या गळ्यात मणी नाही, पण माह्या हातचा एक डब्बा बिनामण्याचा जाणार नाही." आणि गेला नाही. तुझ्या हातचा.

कळमन्याच्या फळबाजारातला तो अडत्या आठवतो? एप्रिलचं ऊन, संत्र्यांचे ढीग, आणि त्यानं आपला डबा तोलकाट्याशेजारी उघड्यावर ठेवलेला. भरणं थांबलं म्हणून त्याला थंड करायला वरून ओलं पोतं टाकलं होतं पठ्ठ्यानं. तू चालू लिलावात जाऊन पोतं ओढलंस. "काका, इलेक्ट्रिकच्या वस्तूले कोणी ओल्या पोत्यात गुंडाळते का?" तो शांतपणे म्हणाला, "बाई, माह्या पोराले उन्हाची लू लागली तेव्हा डॉक्टरनं ओल्या चादरीतच गुंडाळलं होतं." भोवतीची माणसं हसली. तू पोतं घडी करून त्याच्या हातात दिलंस. परतताना ऑटोत संत्रं सोलता सोलता तू म्हणालीस, तो चुकला नव्हता, त्याला फक्त थंड जागा हवी होती. मग दोन दिवस कागदावर काहीतरी काढत बसलीस. डबा आणि सेल वेगळे करायचे. डबा वस्तूजवळ, सेल लांब तारेनं घरातल्या सगळ्यात थंड जागी. मी कागद पाहिला आणि म्हटलं, भिकार दिसते. तू कागद घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलास. तुला लागलं असणार. तेव्हा मला काही वाटलं नाही.

आता दादाचं सांगते. हेच सांगायचं होतं.

माझा थोरला भाऊ, पारशिवनीच्या पुढच्या गावातला, तुला ठाऊकच आहे. सात वर्षांपूर्वी छपराचं टिन बदलताना पडला आणि कमरेखालून लुळा झाला. समोरच्या खोलीत, त्याच टिनाखाली त्याची खाट. कूस बदलायची तरी वहिनीला हाक मारावी लागते. उशाशी रेडिओ आणि वीतभर पंखा, दोन्ही आपल्या डब्यावर. बोर्ड मी केला होता, तपासला तू, स्क्रूवर ठिपका तुझा मरून. गेल्या मे महिन्यात त्याचा फोन आला. तक्रार करायचा त्याचा स्वभाव नाही, हसत हसतच म्हणाला, "लता, तुहा डब्बा माह्यापेक्षा आळशी आहे वं. लाइन दहाले जाते, डब्बा बाराले झोपते. मंधात घंटाभर लाइन येते, तरी हा भरत नाही, मंग पुन्हा गेली का पंखा बंद. लाल दिवा लावून बसून राहते."

मला फोनमधून त्याचा श्वास ऐकू येत होता. टिनाखाली दुपारी काय होतं ते त्याच घरात मी मोठी झाले म्हणून मला माहीत आहे. मी तुला सांगितलं. तू म्हणालीस, तो लांब तारेचा प्रकार करू, सेल मागच्या खोलीत ठेवू. मी म्हटलं त्याला महिना जाईल, तोवर उन्हाळा सरेल, या एका डब्यातला मणी काढू. तू माझ्याकडे न बघता विचारलंस, "नेम तुह्या भावासाठी येगळा काहून?"

ते मला झोंबलं. तुझा भाऊ असा खाटेवर पडला असता तर कळलं असतं, असं काहीतरी मी बोलले. तू पुढचा बोर्ड उचललास आणि भिंग डोळ्याला लावलंस. भांडणात तू अशी कामाला लागलीस की मी जिंकले असं मला वाटायचं, किती मूर्ख होते मी.

त्या रविवारी मी एकटी गावी गेले. दादाच्या खाटेच्या कडेला बसून डबा उघडला. मणी काढला आणि त्याच्या जागी साधा दहा केचा, म्हणजे दहा हजार ओहमचा, रेझिस्टर लावला, ज्याला ऊन-थंडी काही कळत नाही. असं केलं की डब्याला कायम वाटतं, बाहेर पंचवीस अंश आहेत. नागपूरच्या मे महिन्यात त्या डब्यापुरतं बारा महिने चिखलदरा. दुरुस्तीच्या धंद्यातली ही जुनी लबाडी, तुला काय सांगायची. लाइन आली तसा डबा मुकाट भरायला लागला. लाइन पुन्हा गेली तरी पंखा फिरत राहिला. दादाच्या कपाळावरचे केस हलले आणि भर दुपारी तो गाढ झोपला. मी त्याच्याकडे बघत बसले होते. सुजाता, मला त्या वेळी इतका आनंद झाला होता की खोटं कशाला बोलू.

पण सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं. उघडताना स्क्रूवरचा तुझा ठिपका तडकला होता. झाकण लावून मी त्यावर पुन्हा मरून ठिपका दिला. तुझी बाटली पर्समध्ये घालूनच मी घरून निघाले होते. भाऊ घामानं भिजलेला पाहिला आणि हात गेला, असं नाही झालं. मी आदल्या दिवशीच ठरवलं होतं की डबा मी नासवणार आणि नाव तुझं लावणार.

सोमवारी तू विचारलंस, "दादाचा डब्बा चालते का आता?"

मी म्हटलं, "चालते."

"पाह्य. म्हणजे मण्यानं काही बिघडत नाही."

त्यानंतर दहा महिने तू ते उदाहरण गिऱ्हाइकांना देत होतीस. पारशिवनीकडे टिनाच्या छपराखाली आमचा डबा मण्यासकट चालून राहिला, विचारा लताले. आणि ते माझ्याकडे बघायचे, आणि मी मान हलवायची. प्रत्येक वेळी वाटायचं, आज सांगावं. दसऱ्याला दीक्षाभूमीवरून परतताना आपण दोघी पाय दुखतात म्हणून कठड्यावर बसलो होतो, तू चपला काढून पाय चोळत होतीस, तेव्हा तर माझ्या ओठावर आलं होतं. तू म्हणालीस, "काय पाहून राहिली वं?" मी म्हटलं, काही नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी जाऊन मणी परत लावीन, कुणाला काही कळणार नाही, असं मी स्वतःला समजावलं होतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

या मार्चात, तुझ्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी तू कूलरची जाळी बदलायची राहिली म्हणून करवादत होतीस. जाताना ड्रॉवरमधून तो घडी घातलेला कागद काढून माझ्या टेबलावर ठेवलास. म्हणालीस, "सोमवारी हे लांब तारेचं पाहू. आता नोको म्हणू नको." मी म्हटलं, बरं बाई. रविवारी सकाळी तुझ्या बहिणीचा फोन आला. सोमवारी मी कुठेच गेले नाही.

खोली उघडली ती पंधरा दिवसांनी. माझ्या टेबलावर मी केलेले सात बोर्ड तपासायचे पडलेत. त्यांना मी हात लावू शकत नाही, तुझाच नियम. एक उचलून भिंगातून पाहिला, मला सगळं बरोबर दिसलं, म्हणजे त्याला काही अर्थ नाही. दुपारी जेवणाचा डबा उघडला तर सवयीनं चार पोळ्या आणल्या होत्या आणि तुला आवडते म्हणून जवसाची चटणी. दोन पोळ्या तशाच परत नेल्या. कुणाशी तरी भांडावंसं वाटत होतं. शेवटी कूलरशीच बोलले, त्यानं पाणी सांडलं होतं. खोली एवढी मोठी आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

त्या दिवशी जाळीतून पहिल्यांदा गरम वारा आला. मार्च सरत होता. मी हातातला बोर्ड खाली ठेवला आणि मला एकदम दादाची उशी आठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्कूटी काढली. सोबत नवे सेल, मणी, तुझा कागद आणि तारेचं भेंडोळं. वहिनी अंगणातच भेटली. "बाई, एवढ्या उन्हात कायले आल्या? फोन करायचा ना." मी चप्पलसुद्धा न काढता आत गेले. डबा उशी आणि भिंत यांच्यामध्ये ठेवलेला होता आणि त्याला सुतळी बांधली होती. आडवी दोनदा, उभी दोनदा, वर घट्ट गाठ.

"झाकण वर येत होतं," वहिनी म्हणाली. "संक्रांतीपासून. म्हणून आवळून बांधलं. आता पाहा, हलत नाही."

सुजाता, झाकण का वर येत होतं ते मला सुतळी न सोडताच कळलं. आधी पिन काढली, मग डबा अंगापासून लांब धरून बाहेर नेला. वहिनी हसत होती, साप धरल्यासारखा काय धरता म्हणून. शेजाऱ्यांच्या बांधकामाची कोरडी वाळू पडली होती, ती लोखंडी घमेल्यात भरून घेतली, गोठ्यापासून आणि जनावरांच्या वाळल्या कुटारापासून दूर, मोकळ्या जागेत बसले आणि सुतळी कापली. स्क्रू आधीच उपटून आले होते, झाकण आपसूक उचललं गेलं. दोन्ही सेल पुरीसारखे टम्म. वरचं वेष्टन ताणून चकचकीत झालेलं, एक टोक लागलं असतं तरी पुरे होतं. शेजारी तो माझा दहा केचा रेझिस्टर, धड, कुठे काळा नाही की ढिला नाही. सगळं छान आहे, पंचवीस अंश आहेत, असं सांगत बसलेला. दहा महिने तो हेच सांगत होता, माझ्या भावाच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर. आग लागली असती तर दादा हाक मारू शकला असता. उठू शकला नसता.

मी सेल वाळूत पुरले आणि तिथेच जमिनीवर बसून राहिले. कुणाला तरी फोन करावा म्हणून मोबाइल काढला. ज्या माणसाला हे दाखवलं की एका नजरेत सगळं कळलं असतं, असं माझ्याकडे एकच नाव होतं. वहिनीला मी काय दाखवणार? तिला फुगलेली पिशवी दिसली असती. रेझिस्टर दिसला नसता.

मग उठले. स्वयंपाकघराच्या मागच्या मातीच्या भिंतीत एक कोनाडा आहे, उत्तरेकडचा. बाहेर ऊन रटरटत होतं आणि त्यात हात घातला तर गार. नवे सेल मण्यासकट छोट्या डबीत घालून तिथे ठेवले. चौकटीवरून वीस फूट तार दादाच्या खाटेपर्यंत आणली, तुझ्या कागदावर होती तशी, फ्यूज सेलच्या तोंडाशीच, कारण तू त्याच्याभोवती तिथेच दोनदा गोल काढला होतास. दुपारचे दोन वाजले होते आणि कोनाड्यातली डबी भरायला लागली. मी म्हणाले होते महिना लागेल. दीड तास लागला. तू बरोबर होतीस आणि मी तुला ते बघू दिलं नाही, उलट खोट्या डब्यावर तुला जिंकू दिलं. दिसायला मात्र भिकारच आहे हो. वहिनी पण म्हणाली, "ही तार अशीच लोंबत राहणार का?"

चहा झाल्यावर मी दादाच्या पायाशी बसले. "दादा, गेल्या उन्हाळ्यात मी तुह्या डब्ब्यात लबाडी केली गा," म्हणून सुरुवात केली आणि काही राखून ठेवलं नाही. मणी, रेझिस्टर, सुतळीच्या आत काय झालं होतं, आग लागली असती तर काय झालं असतं. ठिपक्याचंही सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. रेडिओ बारीक केला.

"लागली नाही ना पण आग?"

"नाही लागली."

"मंग झालं त. एक उन्हाळा मी हवा खाल्ली तुह्या पायी. नाहीतर वाफेनंच मेलो असतो." त्यानं हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला. "तू बरोबरच केलं बाई. बहीण असंच करते."

"आन् सुजाताचं?"

"तुही मैत्रीण होती ती. तिनं माफ केलं असतं."

नाही. तो चांगला आहे म्हणून बोलला, पण त्याला तू माहीत नव्हतीस. तू लाल झाली असतीस. मल्टीमीटर आपटला असतास. भैताड, अक्कल गहाण ठेवली का, माह्या नावानं माणूस मारायले निघाली होती का, असं इंदोऱ्याच्या चौकापर्यंत ऐकू गेलं असतं. मग दादाची माफी मागायला तूच माझ्यासोबत आली असतीस, आणि त्यानंतर आठ दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नसतीस. मी ते आठ दिवस सोसले असते गं. ते माझ्या हक्काचे होते. नवव्या दिवशी तू चहाचा कप माझ्याकडे सरकवून, न बघता, "तो बोर्ड दे इकडं" म्हणाली असतीस, आणि मी सुटले असते.

वाळूतले सेल अजून गावीच आहेत. पुढच्या आठवड्यात ई-कचरावाल्याला सोबत घेऊन जाईन. परवा तुझ्या बहिणीकडे गेले होते, तुझा जाड भिंगांचा चष्मा आणि वह्या द्यायला. तिलाही सगळं सांगितलं. म्हटलं, हिच्या रक्तात तुझा राग असेल थोडा, ही तरी काही बोलेल. तिनं ऐकलं, डोळे पुसले आणि माझा हात हातात घेतला. "जाऊ द्या ना वं लताताई," म्हणाली, "भावासाठीच केलं ना? तुमचं काही चुकलं नाही."

तू गेल्यापासून, सुजाता, सगळे मला बरोबर म्हणतात.